पंडिता रमाबाई आणि लेकरांची शाळा

कन्नडकडील एका मंडळीत उपासना आटोपल्यावर आम्ही लिंबाखाली बसलो असता एका आईने आम्हापुढे एक गाऱ्हाणे मांडले. तिचा मुलगा यंदा पहिलीत बसला आहे. तो शाळेतून घरी येतो तेव्हा त्याचे हात मातीने माखलेले असतात, खिशात चिंचोके असतात व तोंडी गाणे असते. पाटीवर मात्र फारसे काही नसते. तिचे म्हणणे असे पडले की, माती घरी आहे, चिंचोकेही घरी आहेत, गाणी आजी म्हणते. शाळेत पाठवावयाचे ते अक्षर यावे म्हणून. ती व तिचा नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात, मूल आजीपाशी ठेवतात, आणि कोयत्याची मूठ या लेकराच्या हाती कधी येऊ नये एवढ्यासाठी हा वियोग सोसतात. मग मास्तरांनी त्यास खेळवीत बसावे काय?

आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते आमचे आम्हासच पुरेसे वाटले नाही. मुलाची केवळ स्मरणशक्ती न वाढविता त्याचे हात, डोळे, कान, शरीर, मन व आत्मा ही सर्व बरोबरीने वाढवावी, यास शिक्षक मंडळी सर्वांगीण शिक्षण म्हणतात. सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ३ ते ८ वर्षांच्या मुलांस खेळातून व कृतीतून शिकवावे असे सांगितले आहे, त्यावरून पुष्कळांची समजूत अशी झाली आहे की, हे खूळ दिल्लीहून नुकतेच निघाले. वस्तुस्थिती तशी नाही. आपल्याच महाराष्ट्रात, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, आपल्याच विश्वासातील एका बाईने ही गोष्ट मनावर घेतली होती. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. विधवांची कैवारी, मुक्ती मिशनची संस्थापिका व पवित्र शास्त्राची भाषांतरकार म्हणून त्यांचे नाव आमच्या घरोघर आहे. परंतु लहान मुलांस कसे शिकवावे याचा त्यांनी परदेशी राहून अभ्यास केला होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते. आज त्यांचे चरित्र त्या बाजूने सांगावयाचे योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या माथ्यावर गंगामूळ नावाच्या रानात झाला. तो मुलूख कानडी भाषेचा. आमच्या कन्नड गावाशी त्याचा नावापलीकडे काही संबंध नाही, हे बालवाचकांसाठी सांगून ठेवतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईस, संस्कृत शिकविले. स्त्रीने देवभाषा शिकावी हे त्या काळच्या समाजास रुचणारे नव्हते. लोकांचा विरोध झाला, तेव्हा शास्त्रीबुवांनी वाद न वाढविता रानात आश्रम बांधला व तेथे शिकविणे चालू ठेविले. पुढे कर्ज झाले, आश्रम मोडला, आणि रमा अवघी सहा महिन्यांची असता सारे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटीत ठेवून ती पेटी गड्याच्या डोक्यावर दिली होती. त्या दिवसापासून पुढे कित्येक वर्षे या मुलीस घर असे नव्हते.

आठव्या वर्षी आईने तिला शिकवावयास आरंभ केला. दिवसा आईस घरकाम, आल्यागेल्याचे करणे. मोकळा वेळ तो पहाटेचा. म्हणून कोंबडा आरवण्यापूर्वीच ती झोपलेल्या मुलीस जवळ घेऊन गोंजारीत जागी करी आणि श्लोक सांगू लागे. पुस्तक हाती नसे. आईच्या तोंडून ऐकावयाचे व तसेच म्हणावयाचे. अशा रीतीने पंधराव्या वर्षापर्यंत ही मुलगी व्याकरण, कोश व पुराणे शिकली. भागवताचे १८००० श्लोक तिला मुखोद्गत झाले. आता वाचकांनी आपल्याच शाळेतील मुलांची गोष्ट मनात आणावी. तिसाचा पाढा अडखळत म्हणणाऱ्या पोरास आपण हुशार म्हणतो. येथे तर पंधरा वर्षांची पोर अठरा हजार श्लोक घडाघडा म्हणत होती. पाठांतर हीच जर विद्या असेल, तर त्या विद्येचा याहून मोठा पराक्रम दुसरा दाखविता येणार नाही.

परंतु त्या विद्येची कसोटी लवकरच लागली, व ती मोठी कठोर लागली.

अनंतशास्त्री देवळांत व घाटांवर पुराणे सांगत व मिळेल त्या दक्षिणेवर कुटुंब चाले. मुलांस धर्मग्रंथांखेरीज दुसरे काही शिकविले नव्हते. व्यवहाराचे ज्ञान, इतर देशांची माहिती, हिशेब, हस्तव्यवसाय यांपैकी कशाचाही त्यांस स्पर्श नव्हता. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा कुटुंबापाशी होते तेवढे द्रव्य, दागिने, अखेर तांब्यापितळेची भांडीही देवतांच्या अनुष्ठानात व ब्राह्मणांच्या दक्षिणेत खर्च झाली. मग उपवास सुरू झाले. घरात धडधाकट माणसे होती. पण मजुरी करणे हे जातीच्या अभिमानास कमीपणाचे वाटे, भीक मागणेही नको वाटे, आणि पोट भरावयाचा दुसरा मार्ग एकालाही शिकविलेला नव्हता. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत हे स्पष्ट कबूल केले आहे. शेवटी सर्वजण मरावयाचा निश्चय करून रानात गेले. झाडाची पाने व पाणी यांवर त्यांनी तेथे अकरा दिवस काढिले. १८७४ साली वडील वारले, त्यामागून आई, आणि काही महिन्यांनी थोरली बहीण. आईच्या प्रेतास खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून रमेने स्वतः खांदा दिला.

आम्ही येथे थोडे थांबतो. या माणसांस अज्ञानी म्हणता येणार नाही, आळशीही म्हणता येणार नाही. पहाटे उठून मुलीस शिकविणाऱ्या त्या माउलीपेक्षा अधिक कष्ट कोणत्या शिक्षिकेने केले असतील? पण विद्या जिभेवर होती व हात रिकामे होते. रमाबाईंच्या पुढील सर्व कार्याचे बीज आम्हास या रानातील अकरा दिवसांत दिसते.

रमा व तिचा भाऊ श्रीनिवास ही दोघे उरली. पायी चालत त्यांनी जवळजवळ सारा हिंदुस्थान पालथा घातला. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी पडली असता पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत खड्डे करून त्यांत निजावयाचे व अंगावर वाळू ओढून घ्यावयाची, असेही त्यांनी केले. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. १८८१ च्या एप्रिलात मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या आजाराने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत बाईंनी आई, बाप, बहीण, भाऊ व पती हे सर्व गमाविले होते.

तान्ही मुलगी घेऊन बाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. त्याच वर्षी सरकारने नेमलेले हंटर साहेबांचे शिक्षण कमिशन पुण्यास आले असता बाईंची साक्ष झाली. तीत त्यांनी मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका तयार कराव्या, त्यांस आधी स्वतःस नीट शिकवावे, व शाळा तपासावयास स्त्रियाच नेमाव्या, असे मागितले. शाळा काढणे सोपे आहे, शिकविणारे माणूस घडविणे कठीण आहे, ही गोष्ट त्यांनी आरंभीच ओळखिली होती. १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. त्यांचा मनोदय वैद्यकी शिकावयाचा होता. पण कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहत असता २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात त्या शिकल्या व तेथेच संस्कृत शिकवीतही होत्या. ऐकू येण्याचा मार्ग अरुंद झाला तेव्हा देवाने डोळ्यांचा व हातांचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा केला, असे म्हणावयास आम्हास हरकत वाटत नाही. ज्यांची सारी विद्या कानावाटे आत आली होती, त्यांच्याच कानांस दरवाजा लागावा, हे विलक्षण खरे.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फिया येथे डॉक्टरची पदवी मिळावयाची होती. त्या समारंभासाठी म्हणून बाई अमेरिकेस गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. त्यांनी त्या देशातील कारखाने, दवाखाने, शाळा पाहिल्या. परत आल्यावर लोकांच्या माहितीसाठी प्रवासाचे मराठी पुस्तकही प्रसिद्ध केले. पण त्यांचे मन ज्यावर जडले ती गोष्ट म्हणजे बालोद्यान, जर्मन भाषेत ज्यास किंडरगार्टन म्हणतात ते. बाईंनी नुसती शाळा पाहिली नाही. बालोद्यानाच्या शिक्षिका जेथे तयार होत त्या वर्गात त्या स्वतः विद्यार्थिनी म्हणून बसल्या. संस्कृत सभांत पंडितांस निरुत्तर करणारी ही बाई कागदाच्या घड्या घालीत, काड्या मांडीत आणि मातीचे गोळे वळीत बसली, हे चित्र आम्हास फार आवडते.

ही पद्धत फ्रेडरिक फ्रेबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षकाने काढिली. तो एका लूथरन पाळकाचा मुलगा. तो तान्हा असतानाच त्याची आई वारली आणि मायेच्या शोधात त्याचे बाळपण गेले. १८३७ साली त्याने लहान मुलांची शाळा काढिली व १८४० मध्ये तिला बालोद्यान हे नाव दिले. मूल म्हणजे रोप, शिक्षक म्हणजे माळी. माळी रोपास ओढून लांब करीत नाही, ऊन, पाणी व माती यांची सोय करितो, असा त्या नावाचा आशय. त्याने मुलांस खेळावयास काही वस्तू ठरविल्या व त्यांस देणग्या म्हटले. पहिली देणगी लोकरीचे सहा रंगांचे सहा चेंडू. दुसरी लाकडाचा गोळा, घन व नळकांडे. तिसरी म्हणजे आठ लहान घनांचा मिळून झालेला एक मोठा घन. हे लाकडी ठोकळे पाहून कोणी हसेल. पण त्यांतील युक्ती पाहावी. मूल तो घन मधून फोडिते तेव्हा चार व चार होतात, पुन्हा फोडिते तेव्हा दोन दोनचे चार वाटे होतात, शेवटी एकेक सुटा होतो. अर्धा, पाव व अर्धपाव या शब्दांवाचून त्याच्या बोटांस अपूर्णांक कळून जातो, आणि पुढे मास्तर फळ्यावर तोच हिशेब मांडितात तेव्हा ते त्यास परके वाटत नाही. कागद मोडणे, पट्ट्या विणणे, मातीकाम, गाणी, फेर धरून खेळणे आणि प्रत्येक मुलास बागेचा लहानसा वाफा, ही त्या शाळेची इतर अंगे होती. प्रशिया देशाच्या सरकारास यात नास्तिकपणाचा वास आला व त्याने १८५१ साली या शाळा बंद करविल्या; फ्रेबेल त्याच दुःखात पुढील वर्षी वारला. बंदी १८६० साली उठली. चेंडू खेळणाऱ्या चार वर्षांच्या पोरांची राजास भीती वाटावी, हे नवलच. पण त्यावरून आमच्या कन्नडकडील बहिणीस एवढे समाधान वाटावे की, अशी शंका तिला एकटीसच आली नाही.

बाईंनी फिलाडेल्फियात असतानाच मराठी शाळांसाठी सचित्र वाचनपुस्तके लिहावयास घेतली. १८८९ साली त्या परत आल्या व ११ मार्च रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडिले. आरंभी दोनच मुली. त्यांपैकी गोदूबाई ही बालविधवा. हिचा पुढे धोंडो केशव कर्वे यांशी पुनर्विवाह झाला व ती आनंदीबाई कर्वे या नावाने प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी सदन पुण्यास गेले. तेथे केशवपन झालेल्या, घरच्या कोपऱ्यात वाढलेल्या मुलींस बाईंनी मोकळी हवा, फुलझाडे, चित्रे व पुस्तके दिली. विधवेने हसू नये अशी जेथे रीत, तेथे खेळणे हा अभ्यासाचा भाग होणे ही लहान गोष्ट नव्हती. बाईंच्या प्रार्थनेस मुली बसतात यावरून १८९३ साली मोठा गवगवा झाला, सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी अंग काढून घेतले व अनेक पालकांनी मुली नेल्या. त्या वादाची हकिगत पुष्कळदा छापून आली आहे, म्हणून ती येथे वाढवीत नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाईंस आपले रानातील दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यास प्लेगाची साथ असल्यामुळे इतक्यांस तेथे ठेविता येईना. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे बाईंनी शेतजमीन घेऊन ठेविली होती. तेथे झोपड्या उभारिल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाचे समर्पण झाले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो आल्या, व एकंदर संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता विचार करा, ही कसली शाळा! या मुली भुकेने सुकलेल्या होत्या. कित्येकींस स्नान ठाऊक नव्हते, कित्येकींस अन्न दिसताच ते हिसकावून लपवावेसे वाटे. त्यांची बोली निराळी, जाती निराळ्या. यांस रांगेत बसवून बाराखडी घोकविली असती तर काय झाले असते? बाईंनी तसे केले नाही. आधी अन्न, औषध, स्वच्छता व माया. शारदा सदनातील जुन्या मुली या नव्यांच्या मदतनीस झाल्या. मग लहानांसाठी बालोद्यानाची शाळा, शिक्षिका तयार करण्याचा वर्ग, आणि त्यांस लागून कामाची खाती. शेत व बाग होती, गोठा होता, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, शिवणाचे खाते होते, पाव भाजावयाची भट्टी, कपडे धुण्याचे खाते, भांड्यांस कल्हई करणे, टोपल्या विणणे आणि छापखाना. मुलगी काही वेळ पुस्तकापाशी असे व काही वेळ कामापाशी. प्रार्थनेने दिवस उघडे व प्रार्थनेनेच मिटे. छापखान्यात खिळे जुळविणारी मुलगी अक्षर शिकत होती की हात शिकत होती, हे निराळे करून सांगता येणार नाही. आंधळ्या मुलींसाठीही निराळी सोय होती. मनोरमाबाईंनी उठावाच्या ठिपक्यांची ब्रेल लिपी आत्मसात करून त्यांस शिकविली, आणि ज्या बोटांनी त्या वेत विणीत त्याच बोटांनी शास्त्र वाचू लागल्या. हात आणि विद्या यांची गाठ याहून स्पष्ट कोठे दिसेल?

येथे आमचे एक मत नमूद करितो, ते सर्वांस पटेलच असे नाही. फ्रेबेलाने कल्पिलेली बाग लहान होती. एका माळ्यास मोजकी रोपे. केडगावास शेकडो मुलांची व्यवस्था घंटेवर चालवावी लागे, आणि जेथे घंटा फार वाजते तेथे एकेका लेकराचा कल पाहावयास सवड कमी उरते. मोठेपणा हाच त्या शाळेचा शत्रू होता असे आम्हास वाटते. पण दारात आलेल्या उपाशी मुलीस जागा भरली म्हणून परत लावणे बाईंस शक्य नव्हते. त्यांनी पद्धतीची शुद्धता सोडिली व मूल धरिले. आम्ही त्यांच्या जागी असतो तर दुसरे काय करितो हे आम्हास सांगता येत नाही. या बाबतीत आमच्या खेड्यांतील दोन शिक्षकी शाळा बाईंपेक्षा सुदैवी आहेत. तेथे मुले थोडी असतात आणि मास्तरांस त्यांची नावेच नव्हे, घरेही ठाऊक असतात.

आपल्या भागाशी बाईंचा संबंध लांबून का होईना, येतो. कन्नड व सारा औरंगाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता हे सर्वांस माहीत आहे. त्याच राज्यात, गुलबर्गा येथे, १९१२-१३ च्या सुमारास रमाबाई व मनोरमाबाई यांनी मुलींची शाळा काढिली आणि तिची जबाबदारी मनोरमाबाईंनी उचलिली. त्या राज्यात वरचे शिक्षण उर्दूतून चाले, खेड्यांत शाळा विरळ, मुलींस तर शाळेचे दार जवळजवळ बंदच. अशा मुलखात जाऊन शाळा काढणे म्हणजे खडकावर नांगर घालणे होते. आमच्या आज्या-पणज्यांस अक्षर का आले नाही याचे उत्तर शोधणाऱ्याने ही स्थिती ध्यानात घ्यावी.

लहान मुलांच्या शाळेचा हा विचार रमाबाईंबरोबर संपला नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी काम मांडिले, व अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. विलायती साहित्याची किंमत गरिबास परवडत नाही हे पाहून त्यांनी खडे, बिया, पाने, काड्या व माती यांचेच साहित्य केले. मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी, यातून अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली. तेव्हा त्या मुलाच्या खिशातील चिंचोके हे फ्रेबेलाच्या ठोकळ्यांचेच आपल्या मातीतील भाऊबंद होत. दहा चिंचोक्यांची रास केली म्हणजे दशक, अशा दहा राशी झाल्या म्हणजे शतक. हे ज्याच्या हातास एकदा कळले त्यास हातचा घेणे समजावून सांगावे लागत नाही. ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी करणारे आमचे पोर चाक, आस व जू यांचे माप डोळ्यांनी घेते. पोळ्याचे मातीचे बैल करिते तेव्हा चार पाय सारखे न झाल्यास बैल उभा राहत नाही, हे ते मास्तरांवाचून शिकते. शाळेने या गोष्टींस आत घेतले तर शाळेचे काय जाते?

मात्र त्या आईचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे आम्ही म्हणत नाही. माती खेळविली व अक्षरापर्यंत नेलेच नाही, तर ती फसवणूक होय, आणि ती गरिबाच्याच मुलाची होते. श्रीमंताचे मूल घरी शिकवणी लावून अक्षर मिळविते. रमाबाईंनी हाताचे काम शिकविले म्हणून पुस्तक खाली ठेविले नाही. त्यांच्या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, वाचू व लिहू लागल्या. आईने मास्तरांस जाऊन विचारावे की, चिंचोक्यांवरून आकड्यापर्यंत व मातीच्या गोळ्यावरून अक्षरापर्यंत माझे मूल केव्हा पोहोचेल. आणि मास्तरांनी तिला वर्गात बसवून ते दाखवावे. हे उत्तर आम्ही त्या दिवशी लिंबाखाली द्यावयास हवे होते. प्रभू येशूच्या बाल्याविषयी लूकाच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी जे थोडके सांगितले आहे, त्यातही बुद्धीची वाढ, शरीराची वाढ, देवाची मर्जी व माणसांची प्रीती ही चारही एका दमात येतात. तो नासरेथातील सुताराच्या घरी वाढला, आणि सभास्थानात उभा राहून त्याने ग्रंथही वाचला.

बाईंच्या आयुष्याची शेवटची वर्षे पवित्र शास्त्राच्या भाषांतरात गेली. खेड्यातील साध्या बाईसही समजावे अशा मराठीत ते व्हावे म्हणून, केस पिकल्यावर, त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून घेतल्या. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. मिशनचा भार त्यांच्यावर सोपवावयाचा होता, तो तसाच राहिला. ऐकू न येणारी, थकलेली आई मुलीमागे कामाला लागली व ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेली. भाषांतर पुरे झाले होते, छपाई राहिली होती. मुक्तीच्या छापखान्यातील स्त्रियांनी खिळे जुळविणे, तक्ते छापणे, घड्या घालणे व बांधणे ही कामे चालू ठेविली, आणि १९२४ साली ते सबंध शास्त्र त्यांच्या हातून बाहेर पडले.